अस्तंभ्याचं तेल आणि वेस्टेरोसची लांब रात्र

माझा एक जुना विद्यार्थी आता धुळ्यात बँकेत आहे. त्याने विचारलंय: "सर, आमच्या मित्रांत गेले तीन पावसाळे एकच भांडण चालू आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेत, वेस्टेरोस नावाच्या काल्पनिक भूमीवर, आठ हजार वर्षांपूर्वीची एक लांब रात्र सांगितली आहे. पिढीभर सूर्य नाही, उत्तरेकडून बर्फाचे 'अदर्स' उतरलेले, आणि माणसांचं त्यांच्याशी युद्ध. ते मुळात पेटलं कशामुळे? एक जण म्हणतो, आकाशात दोन चंद्र होते, एक धूमकेतू आपटून फुटला आणि त्याच्या धुरळ्याने सूर्य झाकला. दुसरा म्हणतो, अझोर अहाई नावाचा जो तारणहार सांगतात तोच खरा खलनायक, आणि सगळ्या देशांच्या कथांतला वीर म्हणजे तो एकच माणूस. तिसरा म्हणतो, टीव्हीवर दाखवलंच की, रानाच्या लेकरांनी, म्हणजे माणसांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या छोट्या रानवासी जमातीने, माणसांविरुद्ध हत्यार म्हणून अदर्स घडवले, विषय संपला. तुम्ही पस्तीस वर्षं खानदेशात गोष्टी गोळा केल्यात. तुमच्या कसोटीला यातली कोणती उतरते?"

आधी कबुली देतो. ही पुस्तकं मी नातीच्या हट्टापायी हातात घेतली आणि पाचही खंड संपल्यावरच खाली ठेवली. पहिला खंड १९९६चा, पाचवा २०११चा, शिवाय २०१४ साली त्या जगाचा इतिहास म्हणून आलेला वेगळा जाडजूड ग्रंथ. सहाव्या खंडाची वाट बघता बघता लोकांनी अंदाजांचे डोंगर रचले यात नवल नाही. कीर्तनकार मध्येच उठून गेला की मंडपात उरलेले लोक आख्यान आपापलं पूर्ण करतातच.

आता तुझा प्रश्न. 'युद्ध कशामुळे झालं' हे तू पहिल्याच ओळीत विचारलंस. आमच्या धंद्यात तो प्रश्न शेवटी येतो. आधी बघायचं की गोष्ट कोण सांगतंय, कोणाला सांगतंय आणि कशापाशी बसून सांगतंय. हे नुसतं सांगून पटणार नाही म्हणून आपल्याच प्राचीन युद्धातला एक माणूस घेऊ. तो अजून सातपुड्यात फिरतो.

नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला अस्तंभा डोंगर आहे, चार हजार फुटांहून उंच. धनत्रयोदशीपासून तिथे यात्रा सुरू होते, तळोद्याकडून जथेच्या जथे रात्रीचे चढतात. वर अस्तंभा ऋषी, म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरचा मणी काढून घेतला तिथली जखम अजून भरलेली नाही, म्हणून तो रानात फिरतो आणि वाटेत भेटेल त्याच्याकडे तेल मागतो. कोणी वाट चुकला तर त्याला वाटेवर आणून सोडतो, असंही सांगतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा तळोद्यात एका किराणा दुकानदाराने सांगितलं, "मी नही देखं, पन मन्हा आजानी देखेल शे." आज्याच्या बैलगाडीपाशी उंच माणूस आला, म्हणाला, "तेल शे का?" मी विचारलं, कोणतं तेल? दुकानदार म्हणाला, खोबरेल. त्याच्या पाठीमागे फळीवर खोबरेलाच्या बाटल्याच होत्या. डोंगराच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या आदिवासी गड्याने तीच गोष्ट सांगितली. त्याच्या गोष्टीत तेल मोहाच्या बियांचं, घरी घाण्यावर काढलेलं. शहाद्याकडच्या एका बाईच्या तोंडी तेच तेल शेंगदाण्याचं झालं होतं. ज्याच्या घरात जे तेल, तेच अश्वत्थामा मागतो.

आणि व्यासांच्या भारतात तेलाचा थेंबसुद्धा नाही. सौप्तिक पर्वात रात्री झोपलेल्या वीरांची कत्तल आहे, मणी देणं आहे, तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा कृष्णाचा शाप आहे. तेल आपण घातलं, कारण आपल्याकडे डोक्याला खोक पडली की पहिल्यांदा तेल आणि हळदच आठवते. गोष्टीतला सगळ्यांत जिवंत, डोळ्यांपुढे उभा राहणारा तपशील बहुतेक वेळा सगळ्यांत ताजा असतो. तुझे तिन्ही मित्र नेमके अशाच तपशिलांना लटकलेत: चंद्रावरची भेग, तुटलेली तलवार, तेरा हा आकडा.

तेरापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे मला हसू आलं. लांब रात्रीच्या कथेतला 'शेवटचा वीर' बारा सोबती घेऊन निघाला, म्हणजे तो धरून तेरा. उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या तटाच्या पहारेकऱ्यांचा तेरावा सरदार म्हणजे 'रात्रीचा राजा', ज्याने एका पांढऱ्या, बर्फासारख्या थंड बाईशी लग्न केलं आणि तेरा वर्षं राज्य केलं. झालं, दोघे एकच! त्यात पुन्हा म्हातारी नॅन, स्टार्क घराण्याच्या विंटरफेल किल्ल्यातली दाई, त्याचं नावही सांगते. हा प्रसंग नीट वाच. नॅन त्या घरच्या पोराला, ब्रॅनला (पूर्ण नाव ब्रँडन), गोष्ट सांगते आहे. कोणी म्हणतं तो या घराण्याचा, कोणी म्हणतं त्या घराण्याचा, अशी पाचसहा घराणी ती मोजते. मग पोराचं नाक चिमटीत धरते आणि म्हणते, छे, तो विंटरफेलचा स्टार्कच होता, कदाचित नाव ब्रँडन असेल, कदाचित याच खोलीत, याच पलंगावर झोपत असेल.

याच्यावर लोकांनी वंशावळी काढल्या आहेत.

यावल तालुक्यात एका घरी मी सलग दोन रात्री कॅसेट लावून बसलो होतो. आजी चुलीपाशी, समोर कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात धरून पेंगणारा नातू. गोष्ट सात भावांची. धाकटा राक्षसाच्या गुहेत जातो. धाकट्याचं नाव आजीने सांगितलं तेच नातवाचं नाव, आणि नाव घेताना त्याच्या पोटाला बोट लावलं. पोरगं खडबडून जागं झालं. दुसऱ्या रात्री दुसरा नातू मांडीवर होता. गोष्ट तीच, भाऊ सात, गुहा तीच, धाकट्याचं नाव बदललेलं. दोन्ही कॅसेटी अजून माझ्या कपाटात आहेत. पन्नास वर्षांनी एखाद्याला पहिलीच सापडली तर तो लिहील की या भागात या नावाचा एक ऐतिहासिक पुरुष होऊन गेला असावा.

मार्टिनला हे पक्कं ठाऊक आहे. म्हाताऱ्या बाया गोष्ट कशी सांगतात ते त्याने बारकाईने ऐकलेलं दिसतं. पण इथेच माझी विद्या थोडी लंगडी पडते तेही सांगायला हवं. माझ्या कॅसेटमधल्या आजीमागे कोणी लेखक नव्हता. नॅनच्या मागे आहे. चिमटा नॅनने काढला, पण चिमटा कोणाला काढायचा ते त्याने ठरवलं. आजीच्या थापेत त्याने खरी गोष्ट दडवलेलीच नसेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की 'ब्रँडन' हा पुरावा म्हणून वापरायच्या लायकीचा नाही.

आता सगळे वीर म्हणजे एकच माणूस, हा दावा. साहित्य काय आहे ते आधी मांडू. वेस्टेरोसमध्ये शेवटचा वीर तलवार, घोडा, कुत्रा आणि सोबती घेऊन निघतो. सगळे एकेक करून मरतात, तलवार थंडीने गोठून मोडते, अदर्स त्याचा वास काढत येतात आणि नॅन रंगात आलेली असतानाच दार धाडकन उघडून किल्ल्यातला पंडित मेस्टर लुविन आत येतो. गोष्ट तिथेच राहते. दूर पूर्वेच्या अशाई शहराकडे अझोर अहाई: तलवार घडवायला तीस दिवस-रात्री खपतो, पाण्यात बुडवतो, फुटते. पन्नास दिवस खपतो, सिंहाच्या काळजात खुपसतो, फुटते. शंभर दिवस खपतो आणि बायकोला, निस्सा निस्साला, छाती उघडी करायला सांगतो. तिच्या किंकाळीने चंद्राला तडा जातो. ऱ्होइन नदीच्या काठी तलवारच नाही. तिथे खेकड्यांचा राजा आणि नदीचा म्हातारा असे नदीचे भांडखोर लेक एक होऊन गुप्त गाणं गातात आणि दिवस परत येतो. यी टी या पूर्वेकडच्या देशात सूर्य कसल्याशा लाजेने तोंड लपवून बसतो आणि जगाला वाचवते माकडासारखी शेपटी असलेली एक बाई. या बाईवर कोणीच अंदाज बांधत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तुझा मित्र यांतल्या दोन तलवारी घेतो, गाणं आणि शेपटी टाकून देतो आणि म्हणतो, माणूस एकच. जुळतं तेवढं घ्यायचं, उरलेलं केरात. तीनदा प्रयत्न आणि दरवेळी वाढता आकडा हा इतिहास नसतो, तो सांगणाऱ्याचा श्वास असतो. तीस, पन्नास, शंभर म्हणताना ऐकणारा पुढे सरकतो. आपल्याकडेही राजाला तीन राण्या असतात आणि तिसरीचंच खरं होतं. तिन्ही राण्या एकच बाई होती असं कोणी म्हणत नाही.

एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी असं आपण लहानपणापासून ऐकतो. गावात पांडववाडा आहे, जवळ पद्मालयाच्या रानात भीमकुंड दाखवतात, बकासुर तिथेच मारला. उत्तम. पण बिहारमधल्या आरा भागातही एकचक्रा आहे आणि बकासुर आहे. बंगालमध्ये बीरभूमला एकचक्रा आहे. मग बकासुर तीन होते का? की एकच बकासुर पळत सुटला होता? दोन्ही नाही. गाडाभर अन्न आणि पाळीपाळीने एक माणूस खाणारा राक्षस ही गोष्ट जिथे जिथे कथेकऱ्याने भारत सांगितलं तिथे तिथे गेली आणि जिथे एखादं कुंड, एखादा पडका वाडा तिची वाट बघत होता तिथे ती बसली. वेस्टेरोसची रात्र थोडी वेगळी आहे हे खरं. सूर्य गेला तर तो सगळ्यांचाच जातो, म्हणून घटना एकच असू शकते. पण घटना एक असली म्हणून वीर एक होत नाही. दुष्काळ एक होता म्हणून प्रत्येक गावाने सांगितलेला दानशूर पाटील एकच होता असं होतं का?

मग 'अझोर अहाईच खलनायक' हे खोटं का? नाही. 'सगळे एक' हे कलम काढून टाकलं तर त्या बाजूत दम आहे. जो बायकोच्या काळजात तलवार खुपसतो त्याला कथा वीर म्हणते, तेव्हा ती गोष्ट कोणाच्या पदराखाली वाढली ते विचारायलाच हवं. ही गोष्ट आपल्याला कळते ती साल्लाधोर सानच्या तोंडून. हा समुद्री चाचा आपल्या मित्राला, डाव्होसला, ती ऐकवतो आणि वर शेरा मारतो की राजाने आगीतून काढलेली तलवार नुसतीच जळकी आहे यातच आनंद मान, अशा अर्थाचा. म्हणजे पुस्तकात गोष्ट सांगणाऱ्यालाही ती खटकते. लेखकाने ती खटकावी म्हणूनच ठेवली आहे.

ब्रँडन द बिल्डरबद्दल एकच वाक्य: तो त्यांचा हेमाडपंत आहे. तट त्याने बांधला, विंटरफेल त्याने बांधलं, स्टॉर्म्स एंडलाही पोरवयात हात लावला. आपल्याकडे साक्री तालुक्यात बळसाण्याची देवळं बघ. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. ती देवळं त्याच्याआधीची, पण गावात विचारलंस तर हेमाडपंती. पुस्तकातला सॅमवेल, तटावरचा वाचनवेडा पहारेकरी, हेच म्हणतो. सगळ्यांत जुने इतिहास फार नंतर लिहिले गेले, त्यांत शेकडो वर्षं राज्य करणारे राजे आहेत आणि 'नाइट' ही पदवी नव्हती तेव्हाचे नाइट घोड्यावरून हिंडताहेत. त्याचा मित्र जॉन हा पहारेकऱ्यांचा ९९८वा सरदार म्हणतात, आणि सॅमला सापडलेल्या सगळ्यांत जुन्या यादीत नावं भरतात ६७४. 'आठ हजार वर्षं' हा आकडा हिशेबात धरू नकोस. तो आपल्या 'आज्याच्या आज्या'एवढाच मोघम आहे.

आता चंद्र. यावर मला जरा निवांत बोलायचं आहे, कारण हा अंदाज सगळ्यांत देखणा आहे.

आपल्या शेजारी, बुलढाण्यात, लोणार आहे. बसाल्टात पडलेला पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या पुढचा गोल खड्डा, आत खारं पाणी. आकाशातून धोंडा पडून झालेला. त्याला आधी ज्वालामुखीचं तोंड समजत. आघाताचा भरभक्कम पुरावा भूशास्त्रज्ञांनी मांडला तो १९७३ साली. तुझ्या चंद्रवाल्या मित्राचं म्हणणं असं की आकाशातून कोसळलेला अग्नी लोक हजारो वर्षं विसरत नाहीत, तो कथेत राहतो. मग लोणारची कथा काय म्हणते? लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बिळात राहत होता. विष्णूने कोवळ्या पोराचं रूप घेतलं, बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवलं, ते दूर जाऊन पडलं तिथे टेकडी झाली. दैत्य मेला, त्याच्या रक्तामांसाने पाणी खारट झालं.

खऱ्याखुऱ्या अशनीच्या खड्ड्याची कथा, आणि तिच्यात आकाश नाही! वरून काही पडतच नाही. दैत्य खालून निघतो. कारण कथा घटनेतून जन्मलेलीच नाही. धोंडा पडला तेव्हा तिथे बघायला कोण होतं कोणास ठाऊक. कथा जन्मली ती खड्ड्याच्या काठावर, पाणी खारट का म्हणून एखाद्या पोराने विचारलं तेव्हा. तिला तीन गोष्टींचा उलगडा करायचा होता: खड्डा, मीठ आणि समोरची टेकडी. तिन्हींचा तिने केला आणि थांबली.

म्हणून 'प्रलयाची आठवण चंद्राच्या कथेत टिकली' हे मला लोककथेचा माणूस म्हणून पटत नाही. चंद्रावर डाग आहेत, ते कुठून आले हे सांगायला किंकाळी पुरते. पहिल्या खंडात डोरेया दासी आपल्या मालकिणीला, डॅनेरिसला, सांगते की कार्थ शहराच्या एका व्यापाऱ्याकडून तिने ऐकलं, पूर्वी दोन चंद्र होते, एक सूर्याच्या फार जवळ गेला, उन्हाने तडकला आणि त्यातून हजारो ड्रॅगन बाहेर आले. त्यावर डोथ्राकी जमातीच्या दोन दासी पोरी खिदळतात. म्हणे चंद्र काय अंडं आहे? चंद्र देव आहे, सूर्याची बायको, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दोघी मला फार आवडतात. एका गोष्टीला दुसऱ्या गोष्टीने उडवून लावायचं आणि पुरावा काय तर 'सगळ्यांना माहीत आहे'. पारावर याहून वेगळं काय चालतं?

तरीही मित्राला पूर्ण उडवू नकोस. एकाच लेखकाने तडकलेला चंद्र एकदा दासीच्या तोंडी दिला, एकदा चाच्याच्या, आणि २०१४च्या ग्रंथात आकाशातून पडलेल्या काळ्या दगडाची पूजा करणारा, बहिणीचा खून करून गादी बळकावणारा ब्लडस्टोन सम्राटही आणला, ज्याच्या पापामुळे रात्र आली म्हणतात. लोकांच्या तोंडी असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. एका टेबलावर बसून लिहिणाऱ्याच्या हातून तीनदा आलं तर ती खूण आहे. फक्त ती भूगर्भाची खूण आहे की कवितेची, हा वाद राहतो. मी कवितेच्या बाजूने आहे.

सगळं एका किल्लीने उघडायचा मोह तुझ्या मित्रांनाच होतो असं नाही. मॅक्सम्युलरने एके काळी बहुतेक पुराणकथा सूर्य आणि पहाट यांवर नेऊन ठेवल्या. इतक्या, की १८७० साली लिटलडेल नावाच्या पाद्र्याने त्याच्याच पद्धतीने सिद्ध करून दाखवलं की मॅक्सम्युलर नावाचा माणूस नाहीच, तीही सूर्यकथाच आहे. आणि आपले लोकमान्य! येरवड्याला असताना त्यांच्याकडे ऋग्वेदाची प्रत आली ती मॅक्सम्युलरनेच पाठवलेली. १९०३ साली त्यांनी जे मांडलं ते तुझ्या विषयाच्या इतकं जवळ आहे की मला गंमत वाटते. वेदांतली न संपणारी रात्र, लांबलेल्या उषा, इंद्र-वृत्राचं युद्ध, कोंडलेलं पाणी, हे सगळं म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या महिनोन् महिने चालणाऱ्या रात्रीची आठवण. शंबराला इंद्राने शोधून काढलं 'चत्वारिंश्यां शरदि', असं दुसऱ्या मंडलात आहे. सायणाचार्य म्हणतात, चाळिसाव्या वर्षी. टिळक म्हणतात, नाही, शरद ऋतूच्या चाळिसाव्या दिवशी, कारण तेव्हा ध्रुवाजवळ सूर्य बुडतो आणि लढाई जुंपते. दोन शब्द, तेच व्याकरण, आणि एका वाचनाने अख्खं युद्ध पंजाबातून आर्क्टिकला जातं. वाचताना मी दोनदा पुस्तक खाली ठेवून टाळी दिली आहे. पटलं का? नाही. इतकं सगळं जुळतं तिथे जुळवणाऱ्याची बुद्धी मोठी असते, हे मात्र पटलं.

तिसरा मित्र म्हणतो विषय संपला. २०१६ साली 'गेम ऑफ थ्रोन्स' या पुस्तकांवरच्या टीव्ही मालिकेच्या सहाव्या पर्वात रानाची लेकरं एका बांधलेल्या माणसाच्या छातीत काळ्या काचेचा खंजीर दाबताना दाखवली हे खरं. हा आपला भस्मासुर आहे, म्हणून लगेच पटतो. वर दिला त्याच्याच डोक्यावर हात. पण मालिका तोवर पुस्तकांच्या पुढे निघून गेली होती आणि पुस्तकांत हे अजून कुठेही आलेलं नाही. मालिकेतला 'नाइट किंग' आणि नॅनच्या गोष्टीतला रात्रीचा राजा हे दोन वेगळे इसम आहेत. तमाशातलं वगनाट्य बघून पोथीचा अर्थ लावू नये.

मग माझी कसोटी काय? मी गोष्ट सोडतो आणि मान धरतो, मान म्हणजे ठरलेला हक्क आणि रिवाज.

अक्षयतृतीयेला आपल्याकडे गावोगाव बारागाड्या ओढतात. का ओढतात म्हणून विचारलं तर एका गावात मला तीन कारणं मिळाली: मरीआईचा नवस, खंडोबाची आण, आणि कुठल्याशा साथीत गाव वाचलं म्हणून. पण भगत कोणत्या घरातला, त्याच्या दोन्ही बाजूंना आधार देणारे बगले कोण, पहिली बैलगाडी कोणाची, हे विचारलं तर अख्खं गाव एका तोंडाने बोलतं. यावरून डोकी फुटलेली आहेत, म्हणून ते कोणी विसरत नाही. कारण सांगणारी गोष्ट बदलली तर कोणाचं काही जात नाही. मान बदलला तर एका घराचं जातं.

वेस्टेरोसमध्ये त्या युद्धातून उरलेले मान शोध. मला चार सापडले. एक, सॅमला जुन्या नोंदींत मिळालेलं: वीरांच्या युगात रानाची लेकरं पहारेकऱ्यांना दरवर्षी काळ्या काचेचे शंभर खंजीर देत. बघ, यात वीर नाही, किंकाळी नाही, आकडासुद्धा गोल पण कोरडा. हे खतावणीतलं वाक्य आहे, आणि अशी वाक्यं कोणी रंगवून सांगायला बनवत नाही. दोन, तटावरच्या नाइटफोर्ट या जुन्या गढीच्या विहिरीतलं झाडाच्या तोंडाचं दार. ते पहारेकऱ्याने शपथेचे शब्द म्हटले तरच उघडतं. म्हणजे शपथ तटाइतकी जुनी आणि झाड लेकरांचं. तीन, तटापलीकडे राहणारा क्रॅस्टर नावाचा माणूस आपले मुलगे रानात नेऊन ठेवतो आणि त्याच्या घराला अदर्स हात लावत नाहीत. आणि चार, रात्रीच्या राजाला हरवल्यानंतर कळलं की तो अदर्सना बळी देत होता. क्रॅस्टर रानटी, राजा शापित, पण दोघांचा व्यवहार एक: काही द्यायचं आणि त्या बदल्यात शांतता घ्यायची.

वरचा तट हा मी पाचवा मान धरतो. शेतकऱ्याच्या घरातला आहेस, तुला सांगायला नको. ज्याने शेत जिंकलं तो मधोमध बांध घालत नाही, तो सरळ नांगर फिरवतो. बांध पडतो दोन भावांची वाटणी झाल्यावर, पंचांसमोर, दोघांच्याही मनाविरुद्ध.

तेव्हा माझा अंदाज असा. लांब रात्र तलवारीने संपली नाही, ती ठरावाने थांबली. ठरावात रानाची लेकरं मध्यस्थ होती, माणसांनी कबूल केलेलं काहीतरी फार लाजिरवाणं होतं, आणि नंतरच्या पिढ्यांना ते सांगवेना म्हणून तिथे वीर, चमकती तलवार आणि आनंदाने छाती पुढे करणारी बायको आली. शेवटचा वीर लेकरांकडे निघाला होता तो मारायला नव्हे, मदत मागायला, हे नॅनच्या अर्धवट गोष्टीतही आहे. युद्ध कशामुळे पेटलं यापेक्षा ते कोणत्या अटीवर थांबलं आणि ती अट कोणी मोडली, यावर भांडलात तर आणखी तीन पावसाळे सहज निघतील. मी चुकीचाही असेन. मार्टिनने खरंच चंद्र फोडला असेल तर तुझ्या मित्राला माझ्याकडून शेवभाजी.

आणि या दिवाळीला रजा मिळाली तर अस्तंभ्याला चल. माझे गुडघे आता वरपर्यंत जात नाहीत, पण पायथ्यापर्यंत येईन. मोहाचं तेल सांगणारा तो गडी आता नाही, त्याचा नातू यात्रेत दुकान लावतो. मागच्या वेळी त्याला विचारायचं राहिलं. बॅटरी घे, पाणी घे आणि त्याला एवढंच विचारून ये: अश्वत्थामा हल्ली कोणतं तेल मागतो?